विश्लेषण : व्हीपीएन लावल्याचे वेबसाइटला कळते कसे? आणि न लावताही संशय का येतो?

बँकेचे ॲप उघडले आणि ‘व्हीपीएन बंद करून पुन्हा प्रयत्न करा’ अशी सूचना आली. सरकारी योजनेच्या अर्जाचे पान नुसतेच गोल फिरत राहिले. रेल्वेच्या तिकिटासाठी लॉगिन करताना ‘तुम्ही रोबो नाही ना?’ हे तीन-तीनदा सिद्ध करावे लागले. असे अनुभव आता शहरापुरते राहिलेले नाहीत. कधी त्यामागे फोनमध्ये कोणीतरी टाकून दिलेले मोफत व्हीपीएन असते, तर कधी फोनमध्ये व्हीपीएनचा मागमूसही नसतो. चंद्रपूर आणि विशेषतः गडचिरोली जिल्ह्यात याचा फटका जास्त बसू शकतो. जिथे बँकेची शाखा आणि तहसील कार्यालय गाठायला अर्धा दिवस मोडतो, तिथे मोबाइल हेच कार्यालयाचे दार असते. ते दार कोणत्या कारणाने बंद होते आणि व्हीपीएनमुळे खासगीपणा खरोखर किती राखला जातो, हे समजून घ्यायला हवे.

व्हीपीएन नेमके काय लपवते?

फोन इंटरनेटला जोडला गेला की मोबाइल कंपनी त्याला एक आकडी पत्ता देते. हा आयपी ॲड्रेस. कोणतीही वेबसाइट उघडली की हा पत्ता तिच्यापर्यंत जातोच. तो कळला नाही तर उत्तर कुठे पाठवायचे, हे वेबसाइटला समजणार नाही.

व्हीपीएन या व्यवहारात मध्यस्थ म्हणून उभे राहते. फोनमधून निघालेली माहिती कुलूपबंद होऊन आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून पुढे वेबसाइटकडे. त्यामुळे वेबसाइटला फोनच्या जागी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. मोबाइल कंपनीला ग्राहक कोणत्या वेबसाइटवर आहे ते दिसत नाही. तो एका व्हीपीएन सर्व्हरशी बोलतो आहे, एवढेच दिसते. प्रॉक्सीचे कामही साधारण असेच, पण तिथे कुलूप असेलच असे नाही आणि बहुतेक वेळा ती एखाद्या ब्राउझरपुरती किंवा ॲपपुरतीच चालते.

जाहिरातींमध्ये याच्या पुढचे बरेच सांगितले जाते. प्रत्यक्षात गुगल, फेसबुक किंवा कोणत्याही खात्यात लॉगिन केल्यावर व्हीपीएन असले काय आणि नसले काय, समोरच्याला माणूस कोण आहे ते ठाऊक असते. आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी मागवून भरलेल्या अर्जात तर लपण्यासारखे काही उरतच नाही. बँकेची ॲप आणि ज्यांच्या पत्त्यापुढे कुलपाचे चिन्ह दिसते त्या वेबसाइट आपली माहिती आधीच कुलूपबंद करून पाठवतात. म्हणजे बसस्थानकावरच्या मोफत वायफायवर पासवर्ड चोरीला जाईल, ही भीती दहा वर्षांपूर्वी होती तेवढी आता राहिलेली नाही. व्हीपीएन पत्ता लपवते आणि आपण काय पाहतो ते मोबाइल कंपनीपासून झाकते. हेही काही कमी नाही, पण एवढेच आहे.

वेबसाइटला पहिला सुगावा कसा लागतो?

सर्वांत सोपा सुगावा म्हणजे तो पत्ता कोणाच्या नावावर आहे. जगातले आयपी ॲड्रेस कंपन्या, विद्यापीठे, सरकारी संस्था यांना गठ्ठ्यांनी वाटलेले आहेत आणि कोणता गठ्ठा कोणाचा, याची नोंद सर्वांसाठी खुली आहे. जिओ, एअरटेल किंवा बीएसएनएलच्या गठ्ठ्यातला पत्ता आला तर समोर माणूस असण्याची शक्यता मोठी. पण तोच पत्ता सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटरचा असेल, तर वेबसाइटच्या भुवया उंचावतात. सामान्य माणूस डेटा सेंटरमध्ये बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरत नाही.

व्हीपीएन कंपन्यांचे बहुतेक सर्व्हर अशाच भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असतात. मॅक्समाइंड, आयपीइन्फो यांसारख्या कंपन्यांचा धंदाच मुळी आयपी पत्त्यांच्या याद्या विकण्याचा आहे: हा पत्ता घरगुती आहे की मोबाइलचा, डेटा सेंटरचा आहे की व्हीपीएनचा. या याद्या तयार करणे फारसे अवघड नाही. व्हीपीएनचे साधे ग्राहक व्हायचे, एकेका सर्व्हरला जोडायचे आणि बाहेर कोणता पत्ता दिसतो ते लिहून ठेवायचे. टोर या गुप्त जाळ्याच्या बाबतीत तेवढेही कष्ट नाहीत. त्यातून बाहेर पडण्याच्या दारांची यादी टोर प्रकल्प स्वतःच जाहीर करतो.

एका व्हीपीएन पत्त्यामागे एकाच वेळी शेकडो ग्राहक असतात, हा दुसरा सुगावा. एकाच पत्त्यावरून पाच मिनिटांत दोनशे वेगवेगळी खाती उघडली जात असतील, तर यादीत नाव नसले तरी संशय येतो. पहिल्या सुगाव्यात फारशी गफलत होत नाही. दुसऱ्यात मात्र होते आणि ती नेमकी कोणाच्या अंगावर येते, ते पाहण्यासारखे आहे.

व्हीपीएन नसतानाही संशय का?

भारतात मोबाइल ग्राहक कोट्यवधी आणि जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते मोजके. म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. सोसायटीत शंभर सदनिका, पण टपाल सगळे एकाच फाटकावर, असा हा प्रकार. भामरागडमधला विद्यार्थी, एटापल्लीतला दुकानदार आणि नागपूरचा एखादा ग्राहक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावर दिसू शकतात. त्यातल्या एकाने उपद्व्याप केला आणि वेबसाइटने तो पत्ता काळ्या यादीत टाकला, तर उरलेल्यांना कारण न कळताच दार बंद होते.

सेतू केंद्रांचे गणितही असेच. एका केंद्रातल्या एकाच जोडणीवरून दिवसभर वेगवेगळ्या नावांचे, वेगवेगळ्या आधार क्रमांकांचे अर्ज जातात. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीसारखी मुदत तोंडावर आली की ही संख्या आणखी वाढते. संगणकाच्या नजरेला हे चित्र आणि खोटी खाती उघडणाऱ्या टोळीचे चित्र यांत फार फरक दिसत नाही. तो फरक ओळखण्याची जबाबदारी यंत्रणा उभारणाऱ्यांची असायला हवी. प्रत्यक्षात भुर्दंड रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पडतो.

यंत्रणांना कडक व्हावे लागते, हेही खरे. रेल्वेने जून २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तत्काळ आरक्षण सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न स्वयंचलित सॉफ्टवेअरचे, म्हणजे बॉटचे होते. रेल्वेने अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केली आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची केली. बल्लारशाहून पुण्या-मुंबईला निघालेल्या प्रवाशाला याचा फायदाच व्हायला हवा. पण यातली दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. पत्त्यावरून माणूस ओळखता येत नाही म्हटल्यावर यंत्रणा थेट आधारकडे वळते. इंटरनेटवर ओळख न देता करता येणारी कामे त्यामुळे एकेक करून कमी होत चालली आहेत.

पत्त्यावरून गाव कळते का?

देश बहुतेक वेळा बरोबर कळतो, गाव क्वचितच. गडचिरोलीत बसून ‘माझा आयपी कुठला’ असे तपासले तर अनेकदा नागपूर, पुणे किंवा मुंबई दिसते. कारण फोन गावातल्या टॉवरला जोडलेला असला तरी त्याचे इंटरनेट कंपनीच्या दूरच्या केंद्रातून बाहेर पडते. त्यातून हा सीमेवरचा मुलूख. सिरोंचाहून प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की तेलंगणा लागतो, भामरागडच्या पलीकडे छत्तीसगड आहे आणि जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. अशा ठिकाणी कोणत्या बाजूच्या टॉवरची रेंज मिळेल, ते डोंगर आणि झाडे ठरवतात. आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता, ही समजूत इथे तरी सोडून द्यावी.

ही समजूत किती महागात पडते याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. पत्ता अमेरिकेतला आहे, पण नेमका कुठला ते कळत नाही, अशा वेळी मॅक्समाइंड कंपनी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देत असे. तो बिंदू कॅन्सास राज्यातल्या एका शेतावर पडत होता. तब्बल ६० कोटी आयपी पत्ते कागदोपत्री त्या शेतात ‘राहत’ होते. चोरीला गेलेल्या फोनपासून ते फसवणुकीच्या तक्रारींपर्यंत सगळ्यांचा माग तिथेच निघायचा आणि पोलिसांपासून संतापलेल्या तक्रारदारांपर्यंत सगळे त्या घरी पोहोचायचे. अनेक वर्षे हे चालले. २०१६ मध्ये एका बातमीमुळे प्रकरण उजेडात आल्यावर कंपनीने तो बिंदू एका तळ्याच्या मध्यावर हलवला. शेतावर राहणारे कुटुंब पुढे न्यायालयात गेले.

पत्ता लपला, तरी बाकीचे चुगली करतात

समजा, गडचिरोलीतल्या फोनवर व्हीपीएन लावून अ‍ॅमस्टरडॅमचा सर्व्हर निवडला. वेबसाइटला पत्ता नेदरलँड्सचा दिसतो. पण ब्राउझर तिला फोनचे घड्याळ कोणत्या वेळेवर लावले आहे, हेही सांगतो. तिथे भारतीय वेळ दिसते. क्रोम ब्राउझरमध्ये तर ती आजही ‘एशिया/कलकत्ता’ या जुन्या नावाने नोंदलेली असते. ब्राउझरची भाषा मराठी (भारत) अशी. आता अ‍ॅमस्टरडॅममध्ये मराठी कुटुंबे आहेतच आणि त्यांच्याही फोनची भाषा मराठी असू शकते. पण त्यांचे घड्याळ साडेतीन-साडेचार तास मागे असते. नुसत्या भाषेवरून काही सिद्ध होत नाही. पत्ता, घड्याळ आणि भाषा यांचा मेळ बसत नाही म्हटल्यावर संशयाचे गुण वाढत जातात. बहुतेक यंत्रणा अशा गुणांवरच चालतात. एका खुणेवर निकाल लावण्याऐवजी त्या बेरीज करतात.

त्यानंतर भौतिकशास्त्र आड येते. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गडचिरोली ते अ‍ॅमस्टरडॅम सरळ रेषेत सात हजार किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे नुसते जाऊन यायला किमान ७० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते म्हणून त्याहून बरेच जास्त. पत्ता अ‍ॅमस्टरडॅमचा, वेबसाइटचा सर्व्हरही अ‍ॅमस्टरडॅमला, तर उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवे. ते दर वेळी दीडशे-दोनशे मिलिसेकंदांनी येत असेल, तर त्या पत्त्याच्या मागे आणखी कोणीतरी लांब बसले आहे, हे उघड होते. रेंज कमी असली तरी उशीर होतो, म्हणून हा पुरावाही एकटा पुरत नाही.

पाकिटाचा आकारही बोलतो. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. व्हीपीएन मूळ पाकीट दुसऱ्या पाकिटात घालते. मग आतले लहान करावे लागते. वायरगार्ड या लोकप्रिय पद्धतीत ते साधारणपणे १४२० बाइटचे असते. समोरच्या सर्व्हरला ही तफावत दिसते. जुन्या, साध्या प्रॉक्सीचे तर विचारूच नका. त्यांतल्या काही ‘ही मागणी अमुक पत्त्याच्या वतीने पाठवत आहे’ अशी चिठ्ठीच सोबत जोडतात.

भारतीय ग्राहकासाठी खरी मेख मात्र आयपीव्ही६ मध्ये आहे. पत्त्यांची टंचाई संपवणारी ही नवी पद्धत भारतात, मुख्यतः २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, वेगाने पसरली. आज ती सर्वाधिक वापरणाऱ्या देशांत भारताची गणना होते. अनेक फोनना आता जुना वाटून घेतलेला पत्ता आणि नवा स्वतंत्र पत्ता असे दोन्ही मिळतात. काही व्हीपीएन ॲप फक्त जुन्या पत्त्याची वाहतूक वळवतात आणि नव्या पत्त्याची वाहतूक सरळ बाहेर जाऊ देतात. समोरच्या दाराला कुलूप आणि परसदार उघडे, अशी ही तऱ्हा. वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह झळकत असते, वापरणारा निर्धास्त असतो आणि वेबसाइटला त्याचा मूळ पत्ता स्वच्छ दिसत असतो.

ॲपला अंदाज बांधावा लागत नाही

वर सांगितलेली सगळी हुशारी वेबसाइटला लागते. फोनमधल्या ॲपचे काम त्याहून सोपे. सध्याची जोडणी व्हीपीएनमधून आहे का, असे ॲपने विचारले की अँड्रॉइड प्रणाली त्याला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सांगते. त्यासाठी ग्राहकाकडून वेगळी परवानगीही लागत नाही. काही बँकांची ॲप व्हीपीएन सुरू असताना उघडतच नाहीत, ती अशी.

ॲपला सिमही दिसते. प्रत्येक सिममध्ये देशाचा क्रमांक असतो. भारताचे ४०४ आणि ४०५. जून २०२० मध्ये केंद्राने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेकांनी व्हीपीएन लावून पाहिले आणि तरीही ॲप चालले नाही. पत्ता परदेशी, पण सिम भारतीय, हे ॲपला दिसत होते. खेड्यापाड्यांत प्रचंड प्रेक्षक मिळवलेल्या मराठी टिकटॉक कलाकारांचे खाते एका रात्रीत बंद पडले, ते व्हीपीएनने परत आले नाही.

बँकांच्या कडकपणाला आता नियमाचाही आधार आहे. डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्देश काढले आणि ते लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली. व्यवहाराचे ठिकाण, उपकरणाची माहिती, ग्राहकाची नेहमीची सवय यांवरून जोखीम जोखण्याची मुभा त्यात बँकांना आहे. सकाळी अहेरीतून पैसे पाठवणारे खाते दुपारी अ‍ॅमस्टरडॅममधून उघडले, तर बँकेने थांबवणेच योग्य. फसवणूक झालेल्या ग्राहकाला तेच हवे असते. म्हणून पैशाच्या व्यवहारापुरते व्हीपीएन बंद ठेवण्यात शहाणपण आहे.

सरकारी संकेतस्थळांचे कारण वेगळे. सायबर हल्ले टाळण्यासाठी त्यातली अनेक संकेतस्थळे देशाबाहेरच्या पत्त्यांना बंद ठेवलेली असतात. मोफत व्हीपीएन आपोआप एखादा परदेशी सर्व्हर निवडते आणि मग गावात बसलेल्या माणसालाही सरकार परदेशी समजते. बहुतेक वेळा पान ‘तुमचे व्हीपीएन बंद करा’ असे सांगतही नाही; ते नुसते उघडत नाही. अर्जाची मुदत संपत आलेली असताना दोष सर्व्हरला दिला जातो.

मोफत व्हीपीएनचा खर्च कोण भागवतो?

सर्व्हर, वीज, इंटरनेट यांना पैसे लागतात. ग्राहक देत नसेल तर दुसरे कोणीतरी देते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतील आणि काही विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासली होती. त्यांपैकी ७५ टक्के ॲपमध्ये माग काढणाऱ्या त्रयस्थ कंपन्यांचे कोड होते, ३८ टक्क्यांमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या आणि १८ टक्के ॲप माहितीला कुलूपच लावत नव्हती. वर उल्लेख केलेली आयपीव्ही६ ची गळती ८४ टक्के ॲपमध्ये होती. अभ्यास जुना आहे आणि तेव्हापासून काही ॲप सुधारली आहेत. पण यातला धडा शिळा झालेला नाही.

मोठ्या नावांनीही भरवसा गमावला आहे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही कंपनी विकत घेतली आणि तिचे व्हीपीएन ‘सुरक्षा’ म्हणून लोकांना दिले. त्यातून लोक कोणती प्रतिस्पर्धी ॲप किती वेळ वापरतात याची माहिती फेसबुककडे जात होती. ॲपलने हरकत घेतल्यावर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून गेले आणि पुढच्या वर्षी बंद झाले.

याहून गंभीर प्रकार वेगळाच आहे. डेटा सेंटरचे पत्ते ओळखू येतात म्हटल्यावर गुन्हेगारांना सामान्य घरातले पत्ते हवे असतात. मग मोफत व्हीपीएन देऊन ग्राहकाचे उपकरणच प्रॉक्सी बनवले जाते. ग्राहक दुसऱ्याच्या पत्त्याआड लपतो, पण त्याला न सांगता आणखी कोणीतरी त्याच्या पत्त्याआड लपते. होला या लोकप्रिय मोफत व्हीपीएनच्या ग्राहकांची जोडणी पैसे घेऊन इतरांना वापरायला दिली जाते, हे २०१५ मध्येच उघड झाले होते. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा मोफत सेवांमधून ते संगणकांत शिरले होते. १९० हून अधिक देशांतले मिळून १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्यात अडकलेले होते आणि ते भाड्याने घेऊन आर्थिक फसवणुकीपासून धमक्यांपर्यंतचे गुन्हे होत होते.

हा प्रकार इथल्या वाचकाशी संबंधित आहे, तो पोलिस तपासामुळे. एक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असला तरी अमुक सेकंदाला तो नेमका कोण वापरत होता, याची नोंद मोबाइल कंपनीकडे असते. परवान्याच्या अटींनुसार ती दोन वर्षे जपावी लागते. गुन्हा दुसऱ्याने केला, पण तो ज्या फोनमधून पुढे गेला त्याची नोंद सिमकार्डापर्यंत येऊन थांबते. पुढचा खुलासा करण्याची वेळ सिमधारकावर येते. संवेदनशील मानल्या जाणाऱ्या जिल्ह्यात असा खुलासा करत बसणे किती जिकिरीचे ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये ‘व्हीपीएन’ असे शोधून तिथे कोणती नावे आहेत हे एकदा पाहावे. आपण न टाकलेले किंवा कधीचे विसरलेले ॲप असेल तर काढून टाकावे. डेटा वापराच्या यादीत एखादे न उघडलेले ॲप रोज भरपूर डेटा खात असेल, तर ते संशयाचे मोठे कारण. व्हीपीएन विश्वासाचे असले तरी ते सुरू करण्यापूर्वी आणि नंतर आयपी ॲड्रेस तपासून दोन्ही प्रकारचे पत्ते बदलतात का, तेही पाहता येते. आर्थिक फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

भारतात व्हीपीएन वापरणे कायदेशीर आहे का?

देशभर सरसकट बंदी नाही. व्हीपीएन लावून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो आणि बंदी घातलेली पैशांची ऑनलाइन खेळणी व्हीपीएनमधून खेळली म्हणून कायदेशीर होत नाहीत.

सेवा देणाऱ्या कंपन्यांवर बंधने आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ईमेल, त्याला दिलेले आयपी ॲड्रेस आणि सेवा घेण्याचे कारण यांची नोंद पाच वर्षे ठेवायची आहे. ‘आम्ही कसलीच नोंद ठेवत नाही’ हेच ज्यांचे भांडवल, त्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी काही आठवड्यांत भारतातले सर्व्हर काढून घेतले. कार्यालयीन कामासाठीची कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळली आहेत.

यातून एक गंमत घडली. भारतातला पत्ता तर ग्राहकांना हवा होता. परदेशातल्या मराठी माणसाला इथले संकेतस्थळ पाहायचे तर तो लागतोच. मग कंपन्यांनी सर्व्हर सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये ठेवले आणि पत्ते भारतीय दिले. म्हणजे ‘भारत’ निवडल्यावर माहिती सिंगापूरला जाऊन भारतीय होऊन परत येते.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आदेशानंतर क्लाउडफ्लेअरच्या ‘१.१.१.१’सह काही व्हीपीएन ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून हटवली गेली. २०२५ मध्येच जम्मू-काश्मीरच्या डोडा, राजौरी या जिल्ह्यांत सुरक्षेचे कारण देऊन जिल्हा प्रशासनाने ठरावीक काळासाठी व्हीपीएन वापरावर बंदी घातली. असे आदेश जिल्हा पातळीवर निघू शकतात आणि ते मोडल्यास कारवाई होते, हे प्रवासाला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

वेबसाइटने गोळा केलेल्या माहितीचे काय?

व्हीपीएन ओळखण्यासाठी वेबसाइट घड्याळ, भाषा, पडद्याचा आकार, फोनचे मॉडेल अशी बरीच माहिती टिपते. त्यातून प्रत्येक उपकरणाचा एक ठसा तयार होतो आणि तोच जाहिरातीसाठीही वापरता येतो. चोर पकडायला लावलेला कॅमेरा गिऱ्हाइकांवरही नजर ठेवतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर आधारित डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे साध्या भाषेत सांगून संमती घेणे त्यात बंधनकारक आहे आणि ही सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. सरकारी यंत्रणांना कायद्याने मोठी सूट दिलेली आहे. कंपन्यांसाठीच्या मुख्य तरतुदी मात्र नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत.